डोंगरी मैना रानात नकला करते का?

रानजाई

साधाच प्रश्न आहे, जाणकारांनी उजेड पाडावा. डोंगरी मैना, म्हणजे पिंजऱ्यात ठेवली की माणसासारखं बोलणारी ती काळीभोर मैना, रानात दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करते का?

दांडेलीजवळच्या गणेशगुडीच्या जंगलात फळांनी लगडलेल्या एका उंबराखाली आम्ही सकाळी उभे होतो. वरून एक लांबलचक शीळ आली, अगदी माणसाने घातल्यासारखी. मग एक घोगरं किंचाळणं. मग कोणीतरी गुळण्या करतंय असा आवाज. त्यानंतर आणखी दोन वेगळेच. आमचा गाईड म्हणाला, "मैना आहे मॅडम, सगळ्यांच्या नकला करते." आमच्यातल्या एका अनुभवी काकांनी ठामपणे मान हलवली, "छे, रानातली मैना कुणाची नक्कल करत नाही." पुढे जेवणापर्यंत दोघांची जुंपली आणि पक्षी राहिले बाजूला.

नेटवर शोधलं तर दोन्ही बाजूंनी तितक्याच ठामपणे लिहिलंय. खरं काय?

चकली_भाजणी

रानात नक्कल करून तिला पेरूची फोड कोण देणार आहे? फुकटात कोण बोलतं हो आजकाल.

घाटमाथा

करते की! ताम्हिणीत ढिगानं पाहिल्यात मी डोंगरी मैना. म्हशींच्या मागं मागं चालत असतात. एकदा तर एकीनं शिक्र्याचा आवाज काढून सगळी पाखरं उडवून लावली होती.

नांद्रुक

घाटमाथा, तुमच्या प्रतिसादात दोन वेगळे पक्षी शिरलेत आणि दोन्ही डोंगरी मैना नाहीत.

म्हशींच्या मागे चालणारी ती जंगल मैना. करड्या-काळ्या रंगाची, चोचीच्या मुळाशी पिसांचा छोटा झुबका, आणि साळुंकीच्या डोळ्याभोवती जी पिवळी कातडी असते ती हिला नसते. नावात जंगल असलं तरी ही गावाकडेला, शेतात, गुरांच्या पायात सर्रास दिसते.

डोंगरी मैना जमिनीवर उतरलेली दिसणं म्हणजे अपूर्वाईच. तिचं सगळं आयुष्य झाडाच्या शेंड्यावर. रंग झगझगीत काळा, उन्हात त्यावर जांभळी-हिरवी झाक येते. चोच नारिंगी, पाय पिवळेधमक, आणि डोक्याच्या बाजूला पिवळ्या कातडीच्या मांसल पट्ट्या. उडाली की पंखावर पांढरा ठिपका चमकतो. आपल्याकडची जात, ग्रॅक्युला इंडिका, उत्तर कन्नडच्या आसपासपासून खाली केरळपर्यंतच्या सह्याद्रीत आणि श्रीलंकेत आहे. ताम्हिणी तिच्या मुलखाच्या बरीच उत्तरेला येते.

आणि शिक्र्याची नक्कल करून पाखरं उडवणारा म्हणजे हमखास भृंगराज. तो पट्टीचा नकलाकार आहे आणि तो हे रानातच करतो. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांची चकती दिसली असेल तर प्रश्नच मिटला.

घाटमाथा

पुस्तकं तुम्ही वाचा, डोंगर मी बघतो. डोंगरात दिसली म्हणजे डोंगरी.

चकली_भाजणी

या न्यायाने ट्रेकला आलेला माझा साहेबपण डोंगरी.

बेळगावी_कुंदा

नकलांचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या आजीच्या माहेरी, कारवारकडे, पिंजऱ्यात एक मैना होती. फार जुनी गोष्ट, तेव्हा पक्षी पाळण्यात काही गैर आहे असं कुणाच्या गावीही नव्हतं. घरात नवाकोरा प्रेशर कुकर आला आणि महिनाभरात मैनेने शिट्टी उचलली. हुबेहूब, शेवटी वाफ सुटल्याचा तो सुस्कारासुद्धा! आजीची वहिनी मागच्या दारी धुणं धुता धुता शिट्ट्या मोजायची, तीन झाल्या की कुणालातरी हाक मारून चूल बंद करायला सांगायची. त्या सुमारास घरात कित्येकदा डाळ कच्ची राहिली आणि सगळ्यांनी दोष दिला कुकरला. कुकर दुरुस्तीला पाठवला, तो तिकडे असतानाही स्वयंपाकघरातून शिट्टी आली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

तर एवढी हुशार पाखरं रानात गप्प बसत असतील हे मला तरी पटत नाही.

उगाच

कच्ची डाळ! दंडवत घ्या. ऑफिसात मोठ्याने हसलो.

नांद्रुक

बेळगावी_कुंदा, किस्सा भारी. गप्प बसत नाहीतच त्या, जंगलातल्या सर्वात बडबड्या पक्ष्यांत त्यांची गणना होईल. पण त्या नेमकं काय बोलतात, हा रानजाईंचा प्रश्न आहे.

यावर बारकाईने काम झालंय. ब्रायन बर्ट्रम या ब्रिटिश संशोधकाने आसामात डोंगरी मैनांच्या आवाजांचा अभ्यास केला, तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. (हाच माणूस पुढे आफ्रिकेत सिंह आणि शहामृग यांच्या अभ्यासात रमला. मैनेवरून थेट सिंहावर!) त्यातलं मला कळलेलं सार असं:

प्रत्येक मैनेकडे मोठ्याने घालायच्या हाकांचे ३ ते १३ वेगवेगळे प्रकार असतात. शिळा, किंचाळ्या, विव्हळल्यासारखे आवाज, गुळण्या, सगळं त्यात आलं. हे जन्मजात नसतं, पिल्लू लहानपणी ते शिकतं. कुणाकडून? आजूबाजूच्या मैनांकडून, आणि त्यातही आपल्याच लिंगाच्या. नर शेजारच्या नरांच्या हाका उचलतो, मादी शेजारच्या माद्यांच्या. त्यामुळे शेजारीपाजारी काही हाका सारख्या असतात. थोडं दूर गेलं की त्यातल्या काही बदलतात, आणखी दूर गेलं की आणखी. साधारण १५ किलोमीटरच्या पलीकडे राहणाऱ्या दोन मैनांमध्ये एकही हाक समान राहत नाही.

दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांची नक्कल मात्र रानातल्या मैना करत नाहीत. म्हणजे रानजाई, तुमच्या काकांचा मुद्दा बरोबर. पण गाईडला अगदीच खोटं पाडू नका. मैना नक्कल करते, फक्त शेजारणीची करते.

चकली_भाजणी

म्हणजे आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप.

मिरगाचा_किडा

पण मग पिंजऱ्यात माणसाची, कुकरची नक्कल कशी काय? हे कसब रानात वापरायचंच नसेल तर आलं कुठून?

नांद्रुक

कसब तेच, शेजारी बदलले. पिंजऱ्यातली मैना ढोलीतून पिल्लू असतानाच काढलेली असते, नेमक्या शिकायच्या वयात. तिला आजूबाजूला एकही मैना ऐकू येत नाही. ऐकू येतात घरातली माणसं, दाराची बेल, कुकर. शिकण्याची ओढ तर असतेच, मग ती समोर जे आहे तेच शिकते. कुंदाताईंच्या आजीच्या माहेरी त्या मैनेचा सर्वात मोठ्या आवाजाचा शेजारी कुकर असणार.

बेळगावी_कुंदा

हे वाचून जरा कसंसंच झालं. आजपर्यंत या गोष्टीवर नुसते हसत आलो आम्ही.

गुरांची_डॉक्टरीण

मैना बोलायला लागावी म्हणून तिची जीभ छाटायची किंवा घासायची, असा एक भयंकर समज अजून काही लोकांत आहे. पक्ष्याचा आवाज जिभेतून निघतच नाही. श्वासनलिका खाली जिथे दोन फाट्यांत विभागते, त्या जागी त्यांचं स्वरयंत्र असतं आणि त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. एवढे चमत्कारिक आवाज त्यामुळे जमतात. जीभ छाटून फक्त पक्ष्याला खाता येईनासं होतं.

दुसरं, पिंजऱ्यातल्या डोंगरी मैनांना यकृतात लोह साठण्याचा आजार फार होतो. रानात ही बाई मुख्यतः फळांवर जगते, त्यांत लोह कमी. मिळेल तेवढं शोषून घ्यायची शरीराची सवय. घरात आपण तिला मांजराचं खाणं, अंडं, मांसाचे तुकडे असलं काहीबाही प्रेमाने भरवतो, आणि ते लोह बाहेर टाकायची सोय तिच्याकडे नसते. पोट फुगतं, धाप लागते, आणि माणसं माझ्यासारखीकडे आणतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

दख्खनी_चहा

सगळं मान्य, पण प्रेमाने पाळणारेही असतातच ना? आमच्या ओळखीच्या एकांकडची मैना राजेशाही थाटात राहायची. उगाच सगळ्यांना कसाई ठरवू नये.

गुरांची_डॉक्टरीण

कसाई कुणीच म्हटलेलं नाही. पण कायदा थाट बघत नाही. भारतातल्या रानटी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली डोंगरी मैना घरात ठेवणं हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी १९९७ साली तिला साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार होऊ शकेल अशा यादीत घातलं, कारण आशियाभरातून पिंजऱ्यांसाठी तिची बेसुमार पकड चालू होती. बाजारात विकायला आलेल्या एका पिल्लामागे वाटेत मेलेली किती, हे कुणी मोजत नाही.

दख्खनी_चहा

मेघालयातल्या गारो टेकड्यांत मात्र लोक गावाच्या कडेला उंच झाडांवर बांबूच्या कामट्यांची, गवताने मढवलेली घरटी टांगायचे म्हणे. मैना त्यात अंडी घालायच्या, पिल्लं योग्य वयाची झाली की काढून विकायची. ढोलीसाठी झाड तोडायला नको, आणि मैना राहाव्यात म्हणून रानही राखायचं. यात वाईट काय होतं?

मिरगाचा_किडा

हे खरंच असं होतं? मग ते चांगलंच की. ज्याला पैसे मिळतात तो झाड जपतो.

गुरांची_डॉक्टरीण

मीही वाचलंय त्याबद्दल, आणि इतर ठिकाणच्या पद्धतीपेक्षा ते शंभर पटीने बरं. बाकीकडे ढोलीपर्यंत हात पोचत नाही म्हणून अख्खं झाडच आडवं करतात. मग त्या वर्षीची पिल्लं गेली आणि पुढच्या कित्येक वर्षांची ढोलीही गेली. पण एकदा "ही टोपलीतली, ती ढोलीतली" अशी सूट दिली की बाजारात कोण कुठली ते ओळखणार कोण? पिल्लाच्या अंगावर शिक्का नसतो.

दख्खनी_चहा

शिक्क्याऐवजी पायात कडी घालता येते. असो, आपलं जमणार नाही.

जगदलपूर_मुक्कामी

नोकरीनिमित्त बस्तरात राहतो म्हणून लिहितो. इथली पहाडी मैना हा छत्तीसगडचा राज्यपक्षी. ती तुमच्या सह्याद्रीतल्यापेक्षा वेगळी, ग्रॅक्युला रेलिजिओसाची एक उपजात. भिंतींवर, चौकांत, सरकारी फलकांवर जिकडेतिकडे मैना. प्रत्यक्षात दिसायला मात्र कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात जावं लागतं आणि तिथेही नशीब लागतं.

पिंजऱ्यात प्रजनन करायचा प्रयत्न जगदलपुरात बरीच वर्षं चालला होता. अडचण अशी, की नर आणि मादी दिसायला अगदी सारखे. जोडी म्हणून ठेवलेले दोघं नरच आहेत की काय, तेच कळत नाही! त्या मैना लोकांना बघून "नमस्ते" वगैरे म्हणत, पाहुणे खूश होत. अंड्यांचा पत्ता नाही.

त्यापेक्षा अलीकडचं काम मला जास्त पटतं. उद्यानाच्या आसपासच्या गावांतल्या आदिवासी तरुणांना "मैना मित्र" म्हणून नेमलंय. ते जुनी वाळकी झाडं, साल वृक्षांमधल्या सुतार पक्ष्याने कोरलेल्या ढोल्या यांवर लक्ष ठेवतात, घरट्यांची राखण करतात. ज्यांना आधी गलोल चालवता यायची, त्यांच्यातलेच काही आता दुर्बीण घेऊन फिरतात. थवे पुन्हा दिसायला लागलेत असं ती पोरं सांगतात.

उगाच

दोन्ही नर! म्हणजे लग्न जमवणाऱ्या मंडळींनी बायोडेटाच नीट वाचला नव्हता.

रानजाई

धन्यवाद सगळ्यांना, इतक्या सविस्तर प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. नांद्रुक, एक शंका. बर्ट्रम यांचं काम आसामातलं, म्हणजे रेलिजिओसा. आपली इंडिका आता वेगळी जात मानतात ना? मग तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावायचा?

नांद्रुक

मुद्दा रास्त आहे. आकार, पिवळ्या पट्ट्यांची ठेवण (आपलीच्या डोळ्याखालची आणि मानेवरची पट्टी वेगवेगळी असते, मानेवरची माथ्याकडे वळते, आसामातलीच्या जोडलेल्या असतात) आणि आवाज यांत फरक आहेत. १५ किलोमीटर हा आकडा इथे तसाच्या तसा लावू नये हे खरं. पण शेजाऱ्यांकडून शिकण्याचा प्रकार दोघींत सारखा नसेल असं मानायलाही कारण दिसत नाही. पिंजऱ्यात दोघी सारख्याच बोलतात.

कॉफीच्या_मळ्यातून

कोडगूत सासर, त्यामुळे या पाहुण्या रोजच्याच. पुस्तकी काही सांगत नाही, दिसतं ते सांगते.

एक, मैना येतेय हे बघण्याआधी कळतं, पंखांचा घुमणारा आवाज होतो. दोन, फांदीवर ती साळुंकीसारखी ऐटीत चालत नाही. आडव्या उड्या मारत, बाजूबाजूने सरकत जाते. फळ चोचीच्या टोकात धरते, डोकं मागे झटकते, फळ हवेत जरासं सुटतं आणि थेट घशात जातं. हे इतक्या पटकन होतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं फळ खालीच पडलं. तीन, थव्यात असल्या तरी जोड्या ओळखू येतात. दोघं दोघं शेजारी बसतात, एक उडाला की लगेच दुसरा.

सिल्व्हर ओक फुलला की त्याच्या नारिंगी फुलांतला मध प्यायला तुटून पडतात. पांगारा आणि सावरीवरही तशाच. मध पिऊन झाला की कपाळावर परागकण चिकटलेले असतात, ते काळ्या डोक्यावर चटकन दिसतं.

पण सिल्व्हर ओकवर माझा राग आहे. सासऱ्यांच्या वेळी कॉफीवर सावली असायची ती वड-उंबराच्या जातीची, फणसाची, जंगलातल्या जुन्या झाडांची. नंतर लोकांनी ती काढून सरळसोट सिल्व्हर ओक लावले. लवकर वाढतो, लाकूड विकता येतं, मिरीचा वेलही चढतो. मैनेला त्याच्यावर वर्षातले थोडे दिवस मध मिळतो. त्याला खाण्याजोगं फळ नाही आणि त्याच्यात ढोलीही नाही. आमच्या मळ्यात एक अर्धवट वाळलेलं जुनं झाड आहे, घरच्या मंडळींना ते पाडायचंय. मी दरवर्षी काहीतरी निमित्त काढून पुढे ढकलते. वरच्या ढोलीत मैनेचं घरटं असतं.

गुरांची_डॉक्टरीण

पाडू देऊ नका! ढोलीत घरटं करणाऱ्यांची खरी गोची हीच असते. अन्न दुसऱ्या झाडावर मिळेल, ढोली मिळत नाही. मैना स्वतः ढोली कोरत नाही. सुताराने किंवा तांबट-कुटुर्ग्याने कोरलेली नाहीतर आपोआप कुजून झालेली शोधते, आणि त्या ढोलीवर पोपटांचाही डोळा असतोच. दोन-तीन निळसर, तपकिरी ठिपक्यांची अंडी असतात फक्त. एक हंगाम वाया गेला की गेलाच.

घाटमाथा

ढोलीसाठी झाड ठेवायचं हे आवडलं. आमच्या देवराईतही वाळकी झाडं कुणी तोडत नाही, त्यात काय काय राहतं विचारू नका. मैना पण. कुठली ते नांद्रुकसाहेब सांगतील.

नांद्रुक

फोटो टाका, सांगतो.

घाटमाथा

फोटो काढत नाही मी. नुसतं बघतो.

निसटता_क्षण

मी फोटोवाला आहे म्हणून जरा अवांतर. फोनवर मैनेची शीळ वाजवून तिला जवळ बोलवायची, हा प्रकार हल्ली फार वाढलाय. मी करत नाही, पण आमच्या टोळीत करणारे आहेत. विणीच्या काळात पक्षी घरटं सोडून उगाच भांडायला येतो, त्याची दमछाक होते, हे सांगून कुणी ऐकत नाही.

पण हा धागा वाचून एक मजा लक्षात आली. प्रत्येक भागातल्या हाका वेगळ्या असतील तर नेटवरून उतरवलेली केरळातली शीळ दांडेलीत वाजवून काय उपयोग? तिथल्या मैनेला ती परकीच वाटणार ना? आता त्यांना हेच सांगणार आहे. सदाचाराची भाषा नाही कळली तरी बॅटरी वाया जाते ही भाषा कळेल.

मिरगाचा_किडा

परकी वाटेल की उलट जास्त खुन्नस येईल? "हा कोण नवा आला आमच्या एरियात?"

निसटता_क्षण

हेही होऊ शकतं. तर मग फोन खिशातच ठेवा, हे दोन्हीकडून सिद्ध.

चकली_भाजणी

एक राहिलं. राघू-मैना राघू-मैना म्हणत मोठे झालो, आणि एवढ्या प्रतिसादांत राघूचा उल्लेख एकदा, तोही ढोली बळकावणारा म्हणून. संसार मोडला म्हणायचा.

उगाच

ढोलीच्या हक्कावरून कोर्टात गेलेत दोघं.

दख्खनी_चहा

साळुंकीबद्दल कोणी बोलेना. तिलाही थोडं बोलता येतं की. आणि ती तर जगभर पसरलीय.

नांद्रुक

साळुंकी आणि डोंगरी मैना एकाच कुळातल्या, पण स्वभाव दोन टोकांचे. साळुंकी काहीही खाते, कुठेही राहते. माणसाने ऑस्ट्रेलियात, हवाईत नेऊन सोडली, तिथे इतकी फोफावली की जगातल्या १०० सर्वात त्रासदायक घुसखोर जातींच्या यादीत जे तीन पक्षी आहेत त्यांत एक साळुंकी आहे. डोंगरी मैनाही पिंजऱ्यांतून सुटून फ्लोरिडात, प्वेर्तो रिकोत थोड्याफार रुजल्या, पण साळुंकीसारखा धुमाकूळ त्यांनी कुठे घातल्याचं ऐकिवात नाही. उंच झाडं, फळं, ढोली, एवढं सगळं लागतं तिला.

रानजाई

परत मूळ प्रश्नावर येते. काल रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि त्याबरोबर घेतलेला व्हिडिओही पाहिला. उंबरावर मैना दोनच होत्या, शेजारी शेजारी बसलेल्या. चोच उघडताना स्पष्ट दिसतंय, पाचही आवाज त्या दोघींचेच आहेत, भृंगराज वगैरे कुणी नाही. लांब शीळ आणि गुळण्या एकीच्या, उरलेले तीन दुसरीचे. एकही आवाज दोघींत सारखा नाही. शेजारी एकमेकांचं उचलतात म्हणालात, मग अगदी खेटून बसलेल्या या दोघींचं काहीच कसं जुळत नाही?

नांद्रुक

वा! हे तर उत्तम निरीक्षण झालं. कॉफीच्या_मळ्यातून यांनी म्हटलंय तशी ती जोडी असणार. नर शिकतो नरांकडून, मादी माद्यांकडून. त्यामुळे जोडीतल्या दोघांच्या हाका वेगळ्या असणं हे अपेक्षितच. तुम्ही ऐकलेल्या शिळेची "नक्कल" शोधायची तर शेजारच्या जोडीकडे कान लावायला हवा होता.

चकली_भाजणी

नवरा-बायकोचं एकही वाक्य जुळत नाही, याला अभ्यास कशाला हवा.

रानजाई

मग पुढचा प्रयोग ठरला. फेब्रुवारीत पुन्हा गणेशगुडीला जाणार आहे, त्याच भागात आसपासच्या जोड्या रेकॉर्ड करीन. कुणी लांबच्या ठिकाणचं रेकॉर्डिंग देऊ शकेल का? तुलना तरी करू.

बेळगावी_कुंदा

माझा मावसभाऊ शिरसीला असतो, सुपारीच्या बागेला लागूनच जंगल आहे. सकाळी मैना ओरडतात म्हणून तो रोज कुरकुरतो, त्याला कामाला लावते.

कॉफीच्या_मळ्यातून

कोडगूची बाजू माझ्याकडे लागली. त्या जुन्या झाडावरच्या जोडीपासून सुरू करते. "शास्त्रीय काम चालू आहे" म्हटल्यावर या वर्षीसुद्धा झाड पाडणं टळेल.

निसटता_क्षण

फाइलच्या नावात जागा, तारीख आणि वेळ घाला, नाहीतर नंतर सगळ्या शिळा एकत्र होतात. कोण ओरडलं ते दिसलं असेल तर रेकॉर्डिंग चालू असतानाच तोंडाने बोलून ठेवा, "डावीकडची, उजवीकडची" असं. आणि फोन विमान मोडवर टाका. माझ्या मागच्या रेकॉर्डिंगमध्ये मैनेपेक्षा कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईचा आवाज जास्त आहे.